हातात स्प्रिंग, शेपटीला हवा : घरच्या सिम्युलेटरमध्ये विमानाचे कंट्रोल खऱ्यासारखे वागायला हवेत तर

नवा सिम्युलेटर टाकला की बहुतेक जण पहिल्यांदा एकच गोष्ट करतात. बाहेरचा कॅमेरा लावायचा, जॉयस्टिक गोल फिरवायची आणि पंखांच्या नि शेपटीच्या मागच्या पट्ट्या वरखाली होताना बघायच्या. सगळं हलतंय, म्हणजे सगळं जमलंय असं वाटतं. मग उड्डाण केल्यावर विमान डावीउजवीकडे झोकांड्या खायला लागतं, उतरताना नाक उसळतं, आणि "या विमानाचं फ्लाइट मॉडेलच (विमान कसं उडावं याचा सॉफ्टवेअरमधला हिशेब) फालतू आहे" असा निकाल देऊन माणूस मोकळा होतो.

निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. पट्टी हलताना दिसते ते चित्र. ती पट्टी विमानाचं काय करणार, हे तिच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर ठरतं. खऱ्या छोट्या विमानात हा जोर तारांमधून थेट पायलटच्या हातापर्यंत पोचतो. घरी आपल्या हातात असते एक स्प्रिंग, आणि स्प्रिंगला वेग कळत नाही. विमान उभं असो की 120 नॉट्सने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जात असो, ती तेवढ्याच जोराने दांडा मध्यावर ओढणार. म्हणून पुढचं सगळं काम दोन भागांत आहे : आधी स्प्रिंगची आणि सॉफ्टवेअरच्या मदतीची लुडबुड कमी करायची, आणि मग सिममधली हवा खरी वागते आहे का हे ठरावीक चाचण्यांनी तपासायचं. क्रम उलटा करू नका.

उदाहरणासाठी सेसना 172 घेऊ. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फुकट मिळणारा फ्लाइटगिअर, तिन्हींत हे विमान आहे. त्याचे कंट्रोल तारांनी आणि कप्प्यांनी चालतात, मध्ये हायड्रॉलिक नाही, कॉम्प्युटर नाही. शिकायला यापेक्षा प्रामाणिक विमान नाही. आकडे 172 एस या मॉडेलचे आहेत.

आधी थोडी ओळख

पंखांच्या बाहेरच्या भागात मागच्या कडेला एलरॉन असतात. ते विमान कुशीवर वळवतात. शेपटीच्या आडव्या भागावरचा एलिव्हेटर नाक वरखाली करतो. उभ्या भागावरचा रडर नाक डावीउजवीकडे नेतो. पंखांच्या आतल्या भागात कमी वेगात जास्त उचल देणारे फ्लॅप, आणि उजव्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक चिमुकली पट्टी, ट्रिम टॅब. योक धरून ठेवायला लागणारा हाताचा जोर ती नाहीसा करते; त्यालाच ट्रिम करणं म्हणतात.

एक आकडा इथेच लक्षात ठेवा. 172 चा एलरॉन वर जातो 20 अंश, खाली मात्र 15 अंशच. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. का, ते पुढे येईल. एलिव्हेटर वर 28 अंश आणि खाली 23. बाहेरच्या कॅमेऱ्यातून दोन्ही एलरॉन अगदी सारखे हलताना दिसले, तर मॉडेल बनवणाऱ्याने घाई केली आहे असं समजायला हरकत नाही.

पायरी 1 : मदतनीस बाहेर काढा

सिम्युलेटर बनवणाऱ्यांना नवखा माणूस पहिल्याच दिवशी कंटाळून जायला नको असतो. त्यामुळे सेटिंगमध्ये मदतीच्या बऱ्याच सोयी आधीपासून चालू असू शकतात. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये असिस्टन्स विभागात ऑटो-रडर, असिस्टेड योक (योक म्हणजे विमानातला स्टिअरिंगसारखा दांडा), ऑटो-ट्रिम असे पर्याय मिळतील. सगळे बंद करा. एक्स-प्लेनमध्ये कंट्रोल सेटिंगमध्ये स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनच्या, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवण्याच्या, सरकपट्ट्या असतात, त्या शून्यावर आणा. फ्लाइटगिअरमध्ये ऑटो-कोऑर्डिनेशन, म्हणजे एलरॉनबरोबर रडर आपोआप हलवणारी सोय, बंद करा.

ऑटो-रडर खरंच बंद झाला का, याची खात्री धावपट्टीवरच होते. पाय, किंवा जॉयस्टिकची पिळ, अजिबात न लावता पूर्ण थ्रॉटल द्या. 172 चा पंखा कॉकपिटमधून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, आणि त्यामुळे विमान डावीकडे ओढलं जातं. खरा पायलट उड्डाणाच्या धावेत उजवं पेडल दाबून धरतो ते यासाठीच. तुमचं विमान शहाण्यासारखं मधल्या रेषेवरून सरळ धावत असेल, तर कोणीतरी तुमच्या वतीने पेडल दाबतंय.

ज्यांच्याकडे पेडलही नाहीत आणि पिळता येणारी जॉयस्टिकही नाही, त्यांनी ऑटो-रडर चालू ठेवावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त रडरच्या पुढच्या चाचण्या त्यांच्या कामाच्या नाहीत.

पायरी 2 : दांडा, कॅलिब्रेशन आणि कर्व्ह

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. "विमान फार नाजूक आहे, बोट लावलं की उडतं" अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या पायरीत सापडतं.

पहिलं काम कॅलिब्रेशन. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये किंवा सिममध्ये, जिथे सोय असेल तिथे, दांडा चारही टोकांना नेऊन मध्यावर सोडा. पूर्ण डावीकडे नेल्यावर अक्ष (दांड्याच्या एका दिशेची हालचाल) शंभर टक्के दाखवतो का, आणि सोडल्यावर शून्यावर परत येतो का, एवढं बघायचं. जुन्या, पोटेन्शिओमीटरवाल्या जॉयस्टिकमध्ये आकडा मध्यावर थरथरत राहतो. चुंबकाने मोजणाऱ्या हॉल सेन्सरवाल्यांमध्ये हा त्रास फारसा नसतो.

दुसरं, एकच अक्ष दोन उपकरणांना जोडला गेलाय का ते पाहा. जॉयस्टिक, थ्रॉटल आणि एखादा गेमपॅड एकाच वेळी लावलेला असला की सिम आपणहून प्रत्येकाला काहीतरी नेमून देतो. एलिव्हेटर दोघांच्या हातात गेला की विमान मधूनच हिसका देतं, आणि तुम्ही हवेत टर्ब्युलन्स शोधत बसता.

तिसरं, डेड झोन. म्हणजे मध्याच्या आसपासची तेवढी जागा जिथे हललेलं मोजायचं नाही. थरथर थांबेल इतकाच ठेवा. 2 ते 5 टक्क्यांत भागतं. पिळीच्या अक्षाला थोडा जास्त लागतो, कारण दांडा बाजूला नेताना मनगट नकळत पिळतंच.

आता कर्व्ह. दांडा किती हलवला आणि सिमने तो किती मोजला यांचं नातं ही रेष दाखवते. सरळ रेष असेल तर अर्धा दांडा म्हणजे अर्धी पट्टी. वाकवली तर मध्याजवळ कमी आणि टोकाला जास्त. कर्व्हची गरज का पडते हे एकदा समजून घ्या. डेस्कवरच्या जॉयस्टिकचा दांडा जेमतेम वीतभर. त्याचं टोक मध्यापासून काही सेंटिमीटरच सरकतं. खऱ्या विमानातली स्टिक किंवा योक यापेक्षा कितीतरी जास्त अंतर फिरतो. एलिव्हेटरचे तेच अंश इथे थोड्या जागेत कोंबलेले असतात, म्हणून नाजूकपणा वाटतो. विमान नाजूक नाही, दांडा आखूड आहे.

म्हणून कर्व्ह थोडा वाकवणं गैर नाही. पण सुरुवात सरळ रेषेने करा, काही तास उडवा, आणि मग गरज वाटली तर 20-30 टक्क्यांपर्यंत जा. त्यापुढे गेलात तर लँडिंगला किंमत मोजावी लागेल. ते कसं होतं पाहा. धावपट्टीवर टेकण्याआधी तुम्ही नाक उचलायला लागता. वेग कमी, त्यामुळे एलिव्हेटरचा जोर कमी. दांडा मागे, अजून मागे घ्यावा लागतो. खूप वाकवलेल्या कर्व्हमध्ये अर्ध्यापर्यंत काहीच होत नाही, आणि अर्ध्याच्या पुढे गेलात की तेवढ्याच बोटभर हालचालीला दुप्पट-तिप्पट पट्टी उचलली जाते. विमान एकदम वर फुगतं, तुम्ही घाबरून दांडा पुढे सोडता, आणि पुढचं चाक धाडकन आपटतं. ज्या कर्व्हने वर हवेत विमान गुळगुळीत वाटत होतं, तोच खाली दगा देतो.

कर्व्ह एकाच ठिकाणी लावा. जॉयस्टिकच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही आणि सिममध्येही लावला तर दोन्हींचा गुणाकार होतो. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सेन्सिटिव्हिटीच्या पानावर रिॲक्टिव्हिटी नावाचा आणखी एक आकडा असतो. तो कमी केला की पट्टी तुमच्या हातामागून रेंगाळत येते. थरथर लपवायला काही जण तो कमी करतात. सेसनासाठी तो पूर्णच ठेवा. तारेने जोडलेली पट्टी रेंगाळत नाही.

रेंगाळण्याचं अजून एक कारण सेटिंगमध्ये नसतंच. स्क्रीन सेकंदाला 20 चित्रंच दाखवत असेल, तर तुम्ही केलेली हालचाल दिसायलाच निदान 50 मिलिसेकंद जातात. हात तोवर जास्तीची दुरुस्ती करून मोकळा होतो, मग उलट दुरुस्ती, आणि विमान हेलकावे खातं. अशा वेळी ढगांची नि सावल्यांची गुणवत्ता कमी करणं हाच कंट्रोल सुधारण्याचा मार्ग.

पायरी 3 : जमिनीवरची तपासणी

खरे पायलट उड्डाणाआधी कंट्रोल पूर्ण फिरतात का, अडकत नाहीत ना आणि योग्य दिशेला जातात ना, हे बघतात. ही औपचारिकता नाही. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299, म्हणजे पुढे बी-17 झालेल्या बॉम्बरचं पहिलं रूप, उड्डाण करताच कोसळलं. वाऱ्याने कंट्रोल आपटू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहून गेलं होतं. विमानातल्या चेकलिस्टची पद्धत रुजली ती या अपघातानंतर.

सिममध्ये लॉक विसरण्याइतकाच धोका अक्ष उलटा जोडला जाण्याचा. योक डावीकडे फिरवला की डावा एलरॉन वर, उजवा खाली. सोपी खूण अशी : योक दोन्ही हातांनी धरून अंगठे वर उभे ठेवा, योक फिरवल्यावर अंगठे ज्या बाजूला झुकतात तिथला एलरॉन वर गेलेला असतो. योक ओढला की एलिव्हेटरची मागची कड वर. उजवं पेडल दाबलं की रडरची मागची कड उजवीकडे.

ट्रिम टॅबची दिशा मात्र बऱ्याच जणांना चुकल्यासारखी वाटते. नाक वर करण्यासाठी ट्रिम फिरवलं तर टॅब खाली जायला हवा. टॅब खाली गेला की हवा त्याला वर ढकलते, त्यासोबत अख्खा एलिव्हेटर वर जातो. एखाद्या मॉडेलमध्ये टॅब वर जाताना दिसला तर चित्र काढणाऱ्याला हे माहीत नव्हतं, इतकंच. उड्डाणावर त्याचा परिणाम होईलच असं नाही.

एक फरक सोडून द्यायचा. खऱ्या उभ्या सेसनात लॉक लावलेलं नसेल तर एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि योक पुढे गेलेला असतो. घरी स्प्रिंग दांडा मध्यावर धरते, म्हणून एलिव्हेटर सपाट दिसतो. यावर इलाज नाही आणि गरजही नाही.

पायरी 4 : पंख्याचा झोत

ब्रेक दाबून धरा, योक पूर्ण मागे घ्या आणि थ्रॉटल हळूहळू वाढवा. विमान जागच्या जागी असतानाही नाक किंचित वर उचलल्यासारखं व्हायला हवं, किंवा निदान पुढच्या चाकाचा दट्ट्या थोडा सैल पडायला हवा. पंख्याने मागे फेकलेली हवा शेपटीवर जाते, म्हणून एलिव्हेटर आणि रडर वेगाच्या आधीच जागे होतात. एलरॉन त्या झोताच्या बाहेर, पंखांच्या टोकाकडे असतात. ते वेग येईपर्यंत झोपलेलेच. वाहत्या पाण्याशिवाय होडीचं सुकाणू जसं नुसतंच फिरतं, तसं.

धावेत हाच फरक स्पष्ट होतो. 20 नॉट्सला रडर थोडा चालतो, एलरॉन नुसते शोभेचे. 55 नॉट्सला नाक उचलायची वेळ येते तेव्हा हवेचा दाब 20 नॉट्सच्या साडेसातपट झालेला असतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. या एका नियमावर पुढच्या सगळ्या चाचण्या उभ्या आहेत.

टी-आकाराच्या शेपटीच्या विमानात, उदाहरणार्थ पायपर टॉमाहॉकमध्ये, एलिव्हेटर उंच असतो आणि झोताच्या बराचसा बाहेर पडतो. तिथे नाक उशिरा आणि एकदम उचललं गेलं तर तो सिमचा दोष मानू नका.

पायरी 5 : वर जाऊन चाचण्या

साडेतीन-चार हजार फूट उंची घ्या, वारा आणि टर्ब्युलन्स शून्य करा, विमान सरळ स्थिर करा.

एलरॉनची चाचणी. 100 नॉट्सला विमान 30 अंश डावीकडे कलवा. मग दांडा बरोबर अर्धा उजवीकडे नेऊन तिथेच धरा आणि उजवीकडे 30 अंश व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. आता 60 नॉट्सला तेच करा. 100 ला 3 सेकंद लागले असतील तर 60 ला सुमारे 5 लागायला हवेत. जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, मग वेळ त्याच प्रमाणात का बदलत नाही, असा प्रश्न पडेल. कारण विमान कुशीवर फिरू लागलं की खाली जाणाऱ्या पंखाला हवा अडवते, आणि ही अडवणूकही वेगाबरोबर वाढते. दोघांचा हिशेब होऊन फिरण्याचा स्थिर वेग विमानाच्या वेगाच्या सरळ प्रमाणात उरतो. वर्गाचा परिणाम दिसतो तो पहिल्या क्षणी : 100 ला विमान झटकन कलायला लागतं, 60 ला विचार करून. दोन्ही वेगांना वेळ सारखीच आली तर एक तर मदत चालू आहे, नाही तर मॉडेल कच्चं आहे.

आता तो 20 आणि 15 अंशांचा मुद्दा. वेग 65 नॉट्सवर आणा, पाय पेडलवरून काढा आणि एकदम डावीकडे कलायला लागा. नाकाकडे लक्ष ठेवा. ते आधी क्षणभर उजवीकडे जायला हवं, आणि मग डावीकडे वळायला लागेल. उजवा एलरॉन खाली गेला, त्या पंखाची उचल वाढली, तसा त्याचा हवेतला अडथळाही वाढला आणि तो पंख मागे ओढला गेला. याला ॲडव्हर्स यॉ म्हणतात. खाली जाणारा एलरॉन कमी अंश हलवून डिझायनर हा त्रास घटवतात, पण संपवू शकत नाहीत. उरलेलं काम रडरचं. राइट बंधूंना हा त्रास 1902 च्या ग्लायडरवर भोवला. मागची उभी पट्टी आधी स्थिर होती. ती फिरती करून पंखांच्या पिळीशी जोडल्यावर ग्लायडर वळणात त्यांच्या ताब्यात आला. आपल्या चाचणीत कॉकपिटमधल्या वळण दाखवणाऱ्या मीटरमधला, वाकड्या नळीतला चेंडू डावीकडे सरकेल. चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूचं पेडल दाबायचं; डावं पेडल बेताने दिलं की नाक आढेवेढे न घेता वळतं. माझ्या मते एखाद्या मॉडेलचा खरेखोटेपणा ओळखायला याइतकी चांगली चाचणी दुसरी नाही.

रडरची चाचणी छोटी आहे. दांडा मध्यावर, फक्त डावं पेडल अर्धं. नाक आधी डावीकडे जाईल, मग विमान आपणहून डावीकडे कलेल. नाक नुसतंच सरकत राहिलं आणि पंख काटेकोर आडवे राहिले, तर काहीतरी कमी आहे.

ट्रिमला मात्र थोडं थांबूया, कारण स्प्रिंगवाल्या दांड्यावर ते खऱ्यापेक्षा वेगळं करावं लागतं. खऱ्या विमानात तुम्ही योक हव्या त्या जागी धरता, हाताला जोर जाणवतो, ट्रिमचं चाक फिरवता आणि जोर नाहीसा होतो. योक तिथेच राहतो. घरी मात्र दांडा मध्यावर परत जाणारच. म्हणून एका हाताने ट्रिम थोडं थोडं फिरवत, दुसऱ्या हाताने दांडा त्याच गतीने मध्याकडे सोडत यायचं. नजर स्क्रीनवरच्या दांड्यावर नको, नाकाच्या क्षितिजाशी असलेल्या जागेवर हवी. ती हलली नाही म्हणजे जमलं. बटणाने ट्रिम मोठ्या उड्या घेत असेल तर त्याला एखादं चाक किंवा रिकामा अक्ष द्या. पेडलआधी याच्यावर खर्च करावा, असं मी सुचवेन.

ट्रिम उंची धरत नाही, वेग धरतं. 90 नॉट्सला सरळ ट्रिम करा, हात सोडा आणि थ्रॉटल 300 आरपीएमने कमी करा. नाक खाली जाऊन विमान उतरायला लागेल आणि थोड्या हेलकाव्यांनंतर वेग पुन्हा 90 च्या आसपास येईल. उंची कायम ठेवून वेगच कमी होत गेला, तर ऑटो-ट्रिम किंवा ऑटोपायलट कुठेतरी जागा आहे.

ते हेलकावे म्हणजेच पुढची चाचणी. 100 नॉट्सला ट्रिम करून दांडा हळू मागे घ्या, वेग 90 झाला की मध्यावर सोडा आणि हात बाजूला ठेवा. नाक खाली जाईल, वेग 100 च्या पलीकडे जाईल, नाक पुन्हा वर येईल. या लांब हेलकाव्याला फ्युगॉइड म्हणतात. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने हे नाव 1908 मध्ये दिलं. त्याच्या एका फेरीला लागणारा वेळ विमानाच्या आकारापेक्षा वेगावर अवलंबून असतो : नॉट्समधल्या खऱ्या वेगाचा साधारण चौथा हिस्सा, इतके सेकंद. 100 नॉट्सला 25 च्या आसपास. घड्याळ लावून मोजा. प्रत्येक फेरीत हेलकावा लहान होत गेला पाहिजे. विमान एकाच झटक्यात सपाट होऊन गप्प बसलं, तर स्टॅबिलिटी ऑगमेंटेशन पुन्हा तपासा.

फ्लॅप पटकन उरकू. 172 चे फ्लॅप विजेच्या मोटरवर चालतात, 30 अंशांपर्यंत सावकाश उतरतात. जुन्या मॉडेलांत 40 पर्यंत जात. लिव्हर दाबताच टपकन खाली आले तर ते सेसनाचे नव्हेत. उलट हाताने ओढायच्या लिव्हरवाल्या पायपर चेरोकीत ते तसेच यायला हवेत. पंख वर असलेल्या सेसनात फ्लॅप उतरवले की नाक वर जाऊ बघतं. दांडा पुढे द्यावा लागला तर सगळं ठीक आहे.

शेवटी स्टॉल, म्हणजे पंखांवरचा हवेचा प्रवाह सुटून उचल कोसळते ती अवस्था. थ्रॉटल बंद, फ्लॅप आत, उंची राखत वेग घटवत जा. 60 च्या खाली कंट्रोल ढिले पडतात : तोच हेलकावा द्यायला दांडा दुप्पट हलवावा लागतो. 48 नॉट्सच्या आसपास दांडा पूर्ण मागे असूनही नाक पडतं. या टप्प्यावर एक पंख खाली गेला तर एलरॉनने उचलायला जाऊ नका, रडर वापरा. खाली गेलेल्या पंखाचा एलरॉन खाली नेला तर तो पंख स्टॉलमध्ये अजून खोल जाऊ शकतो. चांगल्या मॉडेलमध्ये ही चूक मुद्दाम करून पाहावी. भरपूर उंचीवर, अर्थात.

पायरी 6 : दुसऱ्या विमानात गेल्यावर

सेसनावर हात बसला की दुसऱ्या विमानांत, जेटमध्येही जाल आणि वरच्या निम्म्या चाचण्या तिथे फसतील. फसायलाच हव्यात.

पायपर चेरोकीत वेगळा एलिव्हेटर नाही, अख्खी आडवी शेपटी फिरते. तिच्या मागची लहान पट्टी शेपटीच्याच दिशेने, पण जास्त फिरते. तिचं काम हाताला जोर जाणवून देण्याचं. एमडी-80 मध्ये तर योक एलिव्हेटरला थेट जोडलेलाच नाही, तो फक्त लहान कंट्रोल टॅब हलवतो आणि हवा एलिव्हेटरला हलवते. त्यामुळे उभ्या एमडी-80 चा एक एलिव्हेटर वर आणि दुसरा खाली दिसू शकतो. सिममध्ये उभ्या विमानाचे दोन्ही एलिव्हेटर तुमच्या दांड्याबरोबर इमानदारीने हलत असतील, तर मॉडेल बनवणाऱ्याने तो भाग टाळला आहे.

बोइंग 737 मध्ये पट्ट्या हायड्रॉलिक जोराने हलतात आणि योकला येणारा जडपणा मुद्दाम तयार केलेला असतो. ट्रिम करताना टॅब नाही, अख्खा स्टॅबिलायझर, म्हणजे आडवी शेपटी, फिरतो, आणि कॉकपिटमधली मोठी चाकं खडखडत फिरतात. बोइंग 747 मध्ये प्रत्येक पंखाला दोन एलरॉन; वेग जास्त असला की बाहेरचे बंद राहतात, नाही तर ते लांब पंखालाच पिळून काढतील. समुद्रसपाटीच्या कितीतरी वर, वेगात असताना बाहेरचा एलरॉन हलताना दिसला तर तो चुकीचा.

एअरबस ए320, जे 1987 मध्ये पहिल्यांदा उडालं, हा वेगळाच मामला. साइडस्टिक बाजूला नेली की तुम्ही पट्टीचे अंश मागत नाही, कलण्याचा वेग मागता, जास्तीत जास्त सेकंदाला 15 अंश. पट्टी किती हलवायची ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून आपली दोन वेगांची एलरॉन चाचणी (अर्थात ए320 ला उडता येईल अशा वेगांना) इथे सारखीच वेळ दाखवेल आणि ते बरोबर असेल. 33 अंशांपर्यंत कलवून स्टिक सोडली की विमान तसंच राहतं, त्याच्या पुढे नेऊन सोडलं तर 33 वर परत येतं, आणि 67 च्या पुढे जातच नाही. ट्रिम आपोआप होतं. गंमत म्हणजे स्प्रिंगवाली जॉयस्टिक सगळ्यात खरी वाटते ती इथेच, कारण खऱ्या साइडस्टिकमध्येही स्प्रिंगच असते.

ए320 किंवा 747 सारख्या, ज्यांच्या पट्ट्या फक्त हायड्रॉलिकनेच हलतात अशा जेटसाठी एक चाचणी आहे. इंजिन बंद, हायड्रॉलिक बंद, विमान पूर्ण थंड असताना दांडा हलवा. पट्ट्या जागच्या हलता कामा नयेत. हलल्या तर ते चित्र थेट तुमच्या जॉयस्टिकला बांधलेलं आहे. अशा मॉडेलकडून हायड्रॉलिक बिघाडाचा सराव करण्याची अपेक्षा ठेवू नका.

पायरी 7 : तरीही जुळत नसेल तर

आता, आणि आताच, विमानाच्या फायलींकडे वळा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये फ्लाइट मॉडेलची कॉन्फिग फाइल असते. तिच्यात प्रत्येक पट्टीची कमाल वर आणि खाली मर्यादा अंशांत लिहिलेली असते. तिथेच इलॅस्टिसिटी टेबल सापडेल : हवेचा दाब वाढला की पट्टी किती कमी हलू द्यायची याचा तक्ता. जास्त वेगात दांडा पूर्ण ओढूनही एलिव्हेटर अर्धाच उचललेला दिसला, तर घाबरू नका. खऱ्या पायलटचा हातही त्या वेगात पट्टी पूर्ण उचलू शकत नाही. हा तक्ता त्या जडपणाची जागा भरून काढतो. एक्स-प्लेनमध्ये हे काम प्लेन मेकर या सोबतच्या प्रोग्रॅममधून होतं. फ्लाइटगिअरची बरीच विमानं जेएसबीसिम या फ्लाइट मॉडेल सॉफ्टवेअरवर चालतात, आणि त्यांच्या साध्या मजकुराच्या फायलींत पट्टीला चालवणाऱ्या यंत्रणेचा वेग, उशीर आणि ढिलेपणा वेगवेगळा लिहिता येतो. शिकायचं असेल तर या फायली वाचण्याइतकं मोकळं शाळेचं दार दुसरीकडे नाही. विकत घेतलेल्या कित्येक विमानांत मात्र त्या कुलूपबंद असतात.

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि एका वेळी एकच आकडा बदला. एलरॉनची मर्यादा बदलून समाधान झालं नाही म्हणून लगेच इलॅस्टिसिटीला हात लावलात, तर कशाने काय झालं ते कळायचं नाही. प्रत्येक बदलानंतर 100 आणि 60 नॉट्सची एलरॉन चाचणी, ॲडव्हर्स यॉ आणि फ्युगॉइड या तीनच पुन्हा करा. इंधन आणि प्रवाशांचं वजन दर वेळी सारखं ठेवा. टाक्या रिकाम्या होत गेल्या तर विमानाचा तोल आणि स्टॉलचा वेग दोन्ही बदलतात, आणि तो फरक तुम्ही तुमच्या आकड्याच्या खात्यावर मांडून बसाल. सिमचं नवं अपडेट आलं की तुमची बदललेली फाइल पुसली जाऊ शकते, म्हणून बदललेले आकडे वहीत किंवा वेगळ्या फाइलीत तारखेसकट लिहून ठेवा.